हर्मीसचा अर्धा वाटा

दिव्यात तेल आहे तोवर सांगून टाकते. मध्येच विझला तर उरलेलं उद्या. ही गोष्ट मी अंधारात सांगत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. ऐकायला कोण कोण बसलंय ते दिसलेलं बरं असतं.

तो दिवस अगदी साधा होता. कोळसा विकून मी अथेन्सहून अखार्नाईला परत निघाले होते. गाढव पुढे, मी मागे. टोपल्या रिकाम्या झालेल्या, एकीत फक्त मीठ, थोडी खारवलेली मासळी आणि नवऱ्यानं आणायला सांगितलेला कुऱ्हाडीचा दांडा. थंडीचे दिवस होते. ऊन होतं पण त्यात धग नव्हती. बाजारात एका गिऱ्हाइकानं माझ्या कोळशाला ओला म्हटलं होतं आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, त्यामुळे मन प्रसन्न होतं. शहरातले लोक म्हणतात, अखार्नाईच्या माणसांची डोकी त्यांच्या लाकडासारखी, जळतील पण वाकणार नाहीत. म्हणोत बापडे.

गावाच्या अलीकडे डोंगरातली पायवाट रस्त्याला येऊन मिळते, तिथे हर्मीसच्या दगडांचा ढीग आहे. वाटेचा देव तो. येणारा-जाणारा त्यावर एक दगड टाकतो आणि पुढे जातो. मी टाकत नसे. आठ वर्षं टाकला नव्हता.

कारण सांगते. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचा एक पाय आत वळलेला होता. तिसऱ्या दिवशी मी झोपेत असताना माझ्या नवऱ्यानं, सिमोसनं, तिला माझ्या कुशीतून काढलं, मडक्यात घातलं आणि त्या ढिगाशी नेऊन ठेवलं. आमच्याकडे याला मारणं म्हणत नाहीत, रस्त्यावर ठेवणं म्हणतात. ज्यांच्या घरात पाळणा हलत नाही असं कुणीतरी उचलतं आणि वाढवतं. "भरला रस्ता आहे, संध्याकाळच्या आत नेली असेल कुणीतरी," सिमोस म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण न ठेवून जगायचं कसं? त्यानंतर मला मूल झालं नाही. आठ वर्षं मी वाटेत दिसेल त्या पोरीच्या पायांकडे बघत आले.

त्या दुपारी ढिगामागून रडणं ऐकू आलं. आधी वाटलं, शेळीचं पिल्लू. मग पुन्हा आलं आणि मी ओळखलं. दगडांच्या आडोशाला एक मडकं होतं, आत गवत, आणि गवतात एक मुलगा. नाळेला लाल दोरा बांधलेला. थंडीनं ओठ निळे पडले होते, पण गडी रडत होता बेंबीच्या देठापासून. मी विचारबिचार काही केला नाही. उचलला आणि पदराखाली घेतला.

"हर्मीस सगळ्यांचा!"

माझ्या पाठीमागून आवाज आला. आणि मी, लहानपणापासून जे वळण जिभेला लागलंय त्या वळणानं, मागे न बघताच म्हणून बसले, "सगळ्यांचा!"

आमच्याकडची रीत आहे ती. रस्त्यात कुणाला काही सापडलं आणि बरोबरच्यानं हे शब्द उच्चारले, की सापडलेल्यातला अर्धा त्याचा. देव वाटेचा, म्हणून वाटेवरचा लाभ एकट्यानं खायचा नाही. पोरं तर पडलेल्या अंजिरावरूनसुद्धा हे ओरडतात. आणि सापडणारा "सगळ्यांचा" म्हणाला, की वाटा कबूल झाला. मग माघार नाही.

मी वळले. तो ढिगाला टेकून उभा होता. कोवळी दाढी फुटत होती, एवढाच. डोक्यावर प्रवाशांची रुंद टोपी, हातात काठी, काठीच्या टोकाला दोन दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या. दोऱ्याच असाव्यात. माझी सगळी वाट धुळीत गेली होती, माझे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. त्याचे पाय आताच धुतल्यासारखे स्वच्छ होते. गाढवाचे कान तर सावलीनंही टवकारतात. ते खाली मान घालून काटे खात होतं.

"चेष्टा करतोस का रे पोरा?" मी म्हटलं. "हे काय अंजीर आहे?"

"अंजीर असतं तर मागितलं नसतं, बाई."

"जित्या माणसाचा अर्धा कसा करतात?"

"वाटणी तू कर. निवड माझी." तो हसला. हसणं छान होतं त्याचं, तेच वाईट. "पाचव्या दिवशी येतो, दिवेलागणीला."

"घर माहीत आहे का?"

"तुझ्या दारात तर उभाच असतो मी."

आमच्या दाराशी माणूस कुणी उभा नसतो. हर्मीसचा दगडी खांब आहे, सगळ्यांच्याच दाराशी असतो. हे माझ्या डोक्यात उतरेपर्यंत मी खाली पोराकडे पाहिलं होतं, आणि वर पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता. विहीर खणताना खालून येतो तसा ओल्या दगडांचा वास तेवढा मागे राहिला होता.

घरी सिमोसनं मूल पाहिलं आणि त्याच्या हातातली भाकरी खाली पडली.

"कुठून आणलंस हे?"

"तुम्हाला माहीत आहे कुठून. तुम्ही जिथे ठेवून येता तिथून."

तो पडलेली भाकरी उचलायला वाकला. माणूस वाईट नव्हता सिमोस. भित्रा होता. गरिबीला भ्यायचा, शेजाऱ्यांना भ्यायचा, वाकड्या पायाला भ्याला. भित्र्या माणसाच्या हातून जेवढं वाईट होतं तेवढं वाईट माणसाच्या हातून होत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी शेळीच्या दुधात चिंधी भिजवून पोराच्या तोंडात दिली आणि रस्त्यावर काय घडलं ते सांगितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "परत ठेवून ये," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. रस्त्याचं रस्त्याला."

"एकदा तुमचं ऐकलं. ऐकलं कसलं, मी झोपेत होते. आता जागी आहे."

शेजारच्या फानोमावशीला बोलावलं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, आणि जीभ तर अशी की दूध नासावं. तिनं पोराला उलटंसुलटं करून पाहिलं. मग परत पाहिलं. मग माझा हात धरून त्याच्या उजव्या गालाला लावला आणि नंतर डाव्या.

डावा गाल गार होता. डावा दंड, डावी मांडी, डावा पाय, सगळं गार. मध्ये आखून दिल्यासारखी हद्द. डावा डोळा मिटलेलाच होता, डावी मूठ पकडत नव्हती. रडतानाही तोंडाची एकच बाजू रडत होती.

"याच्यावर वाट्याची खूण झालीय," फानोमावशी हळूच म्हणाली. "तू 'सगळ्यांचा' म्हणालीस का गं?"

"तोंडातून निघून गेलं, मावशी."

"कार्टे! नवरा काही मागतो तेव्हा नाही बरं पटकन 'हो' निघत तोंडातून!" असं म्हणाली आणि मग माझ्या शेजारी बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचे चार दिवस कसे काढले ते मी आणि ती चूलच जाणे. दिवसा पोर दूध प्यायचं, उजव्या पायानं लाथा झाडायचं. संध्याकाळ झाली की ती गार हद्द केसभर उजवीकडे सरकायची. फानोमावशीनं गरम वाळूच्या पुरचुंड्या लावल्या, ऑलिव्हचं तेल चोळलं. वाळू निवायची, अंग नाही तापायचं.

आणखी एक होतं. चारचौघांत बोलणं रंगलेलं असताना एकदम सगळेच गप्प होतात, तेव्हा आमच्याकडे म्हणतात, "हर्मीस आत आला." म्हणतात, हसतात आणि पुन्हा बोलायला लागतात. त्या चार दिवसांत आमच्या घरात असं वरचेवर व्हायला लागलं. मी, सिमोस आणि मावशी बोलत असू, आणि मध्येच तिघांचेही शब्द एकाच वेळी संपत. त्या शांततेत दाराच्या बिजागरीपाशी कुणीतरी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतल्यासारखं वाटे... आणि पोराचा श्वास अर्धा होई. आम्ही घाबरून काहीतरी बडबडायला लागलो की परत नीट चाले.

चौथ्या दिवशी सिमोस कुऱ्हाड घेऊन निघाला. "डोंगरात भट्टी उघडायचीय."

"उद्या पाचवा दिवस आहे," मी म्हटलं. पाचव्या दिवशी बाप मुलाला घेऊन चुलीभोवती पळतो. तोवर मूल रस्त्याचं. फेऱ्या झाल्या की घरातलं, मग चुलीच्या देवीचं, हेस्तियाचं राज्य. "तुम्ही नसलात तर पळणार कोण?"

"माझं नाही ते, लिसिला."

"जी तुमची होती तिच्यासाठी कुठे पळालात?"

तो खाली मान घालून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी मी दारावर ऑलिव्हची डहाळी लावली, मुलगा झाला की लावतात तशी. फानोमावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाई पळालेली मी बापजन्मात ऐकली नाही."

"आता ऐकाल. सकाळीच पळून टाकू का, तो यायच्या आत?"

"नको." तिनं पोराची डावी मूठ उघडायचा प्रयत्न केला, ती उघडली नाही. "वाटा सुटल्याशिवाय फिरवलंस, तर जेवढं जागं आहे तेवढंच घरात येईल. उरलेलं बाहेरच राहील. असलं पोर मी एकदा पाहिलंय. ते मी तुला सांगणार नाही." मग तिचे डोळे बारीक झाले. "पण हे बघ. तो शब्दाचा पक्का. दिवेलागण म्हणाला ना? दिवेलागण टळून काळोख पडला की त्याची वेळ टळली, वाटाही टळला. आणि तो आत येतो तो गप्प बसण्यातून. आपण गप्पच बसायचं नाही."

"दोघींनी?"

"मी एकटी पुरेन. तू फक्त मला श्वास घेण्यापुरती साथ दे."

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं आणि आम्ही सुरू झालो. अशी बडबड अखार्नाईनं ऐकली नसेल. मावशीनं तिच्या जावयापासून सुरुवात केली. तो कसा जेवतो, कसा घोरतो, कसा आईच्या घागऱ्याला धरून असतो. मी कांद्याच्या भावावर घसरले. मग शेजारणीची शेळी, मग शेजारीण, मग शेळी आणि शेजारीण यांच्यात दिसण्यावरून कोण उजवी. मावशीनं माझ्या मेलेल्या सासूचे वाभाडे काढले, मी तिच्या मेलेल्या नवऱ्याचे. घसा कोरडा पडला तर एकजण पाणी पिई आणि दुसरी बोले. दारावरची उन्हाची पट्टी पिवळी झाली, तांबडी झाली, करडी व्हायला लागली. बाहेर कुणीतरी दिवा लाव म्हणून पोरीला हाका मारत होतं. मला वाटलं, जिंकलो. अजून थोडंच. मी पोराला छातीशी धरलं होतं आणि भान हरपून हसत होते.

"काय खमकी आई आहेस गं," मावशीही हसत म्हणाली. "तुझी ती पोर असती तर आज आठ वर्षांची..."

आणि थांबली.

मीही थांबले. माझ्याकडे शब्दच नव्हता. त्या पोरीसाठी माझ्याकडे कधीच शब्द नव्हता.

चुलीतलं लाकूड तडतडायचं थांबलं. बाहेरची हाक अर्धीच राहिली... मावशीचे ओठ "हर्मीस..." असे हलले, पण पुढचे शब्द फुटले नाहीत.

तो उंबऱ्याच्या आत उभा होता. दार वाजलं नव्हतं. टोपी डोक्यावर तशीच, पाय तसेच स्वच्छ. घरात ओल्या दगडांचा वास पसरला.

"वाटणी झाली, बाई?"

खोटं कशाला सांगू. दात वाजत होते म्हणून मी ते आवळले, आणि दात आवळले की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे.

"वाटणीचं नंतर. आधी मला एक सांग. आठ वर्षांपूर्वी त्याच ढिगाशी एक मडकं होतं. त्यातली पोर कुणी नेली?"

"कुणीच नाही."

"भरल्या रस्त्यावर?"

"ती रडत होती. कुणाला ऐकू गेलं नाही." तो इतक्या साधेपणानं बोलला की मला ओरडावंसं वाटलं. "तिसऱ्या दिवशी मी उचललं तिला. खाली, मेलेल्यांकडे घेऊन गेलो. खाली जाणारी वाटही माझीच."

आठ वर्षांतले सगळे पाय माझ्या डोळ्यांपुढून गेले. त्यात तिचा पाय कधीच नव्हता. मी उगाच बघत होते. माझ्या घशातून जो आवाज आला तो माझा मलाच ओळखू आला नाही. पण तेवढ्यात डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"म्हणजे ती तुला वाटेवर सापडली."

"सापडली."

"हर्मीस सगळ्यांचा!" मी म्हटलं.

"सगळ्यांचा!" तो म्हणाला.

म्हणाला आणि थबकला. सवय माणसालाच लागते असं नाही. टोपीखाली त्याच्या भुवया वर गेल्या. फानोमावशीनं तोंडात बोळा कोंबावा तसा पदर कोंबला.

मग तो हसला. पोरासारखा, मान मागे टाकून. असं हसणं घुमायला जेवढी जागा लागते तेवढी माझ्या घरात नाही, आणि तरी ते घुमलं.

"बरं," तो म्हणाला. "मग सोपंच झालं. अर्ध्यावर अर्धा. मुलगा सगळा तुझा, मुलगी सगळी माझी. त्याचं अंग आत्ता तापेल. तू तिला सोडायचं. रस्त्यात पोरींचे पाय बघायचे नाहीत, रात्री उशी ओली करायची नाही. तुला मुलगी झालीच नव्हती. कबूल?"

"हो म्हण," मावशी कुजबुजली. "अगं हो म्हण, लिसिला... मेली ती. हे जितं आहे."

माझं तोंड "हो" म्हणायला उघडलं होतं. हे मी लपवत नाही. छातीशी अर्धं गार पोर होतं, आणि तो त्याला पुरतं गरम करून देत होता. बदल्यात काय मागत होता? जिला नावही मिळालं नाही अशी तीन दिवसांची पोर. पण ती तीन दिवस माझ्या अंगावर प्यायली होती. तिला रस्त्यावर ठेवताना मला कुणी विचारलं नाही. आता पहिल्यांदा विचारलं जात होतं, तेही तिला विसरायला.

"नाही," मी म्हटलं.

"नाही?"

"मुलगाही माझा, मुलगीही माझी. याला कुणीतरी टाकला होता, मी उचलला. याच्यातला तुझा अर्धा तिच्यातल्या माझ्या अर्ध्यावर फिटला, तूच म्हणालास. पण तिला मी टाकली नव्हती. माझ्या झोपेत माझ्या कुशीतून काढून नेली. टाकलेलं सापडतं. चोरलेलं सापडत नाही, ते परत द्यावं लागतं."

"चोरांचा देवही मीच आहे, बाई."

"मग तुला तर हे पक्कं ठाऊक असायला हवं!"

"देवाशी भांडतेस?"

"दारात पोराचा वाटा मागायला आलेल्या माणसाशी भांडतेय. देव असशील तर देवळात जाऊन बस!"

चुलीपाशी मावशीनं डोळे मिटून घेतले. त्यानं टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात कसलेला व्यापारी समोरच्या नवख्या बाईकडे बघतो, तसं काहीतरी होतं.

"तिकडून परत आलेलं सोपं नसतं," तो अखेर म्हणाला. आवाज खाली आला होता. "ते दिसत नाही, पण राहतं."

"राहू दे."

"त्याला ऊब लागते. जागा लागते."

"देईन."

"त्याला सगळं आठवतं, बाई... सगळं."

"आठवू दे. मलाही आठवतं."

त्यानं काठी काखेत धरली आणि आमच्याकडे पाठ केली. "पळ मग. चुलीपाशी माझं चालत नाही. हेस्तिया कधी घर सोडत नाही आणि मी कधी घरात थांबत नाही. ती ठरवील."

मी पळाले. पदर खोचला आणि अनवाणी पळाले, कुठल्याही बापानं पळावं तशी. पहिल्या फेरीला पोराचा डावा हात माझ्या गळ्याशी दगडासारखा लागत होता. दुसऱ्या फेरीला मी ठेचकाळले, गुडघा फुटला, पण उठले. चुलीतला जाळ वाऱ्यावाचून माझ्या बाजूला वाकत होता. तिसऱ्या फेरीला एक गार मूठ उघडली आणि तिनं माझे केस पकडले. मूठ ऊन होत गेली. पोरानं दोन्ही डोळे उघडले आणि सगळ्या तोंडानं भोकाड पसरलं.

त्याच फेरीला माझे हात एकदम जड झाले. एक पोर धरलेल्या बाईला दुसरं कुणी अलगद हातात ठेवावं, तसे. मी खाली पाहिलं नाही. घट्ट धरलं आणि फेरी पुरी केली.

थांबले तेव्हा दारात कुणी नव्हतं. बाहेरची ती हाक पुढे सुरू झाली होती. मावशी भिंतीला टेकून बसली होती, पांढरीफटक.

"काय पाहिलंत?" मी विचारलं.

"तू पळत होतीस," ती म्हणाली. "आणि तुझ्या खांद्यावरून..." पुढचं ती बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही. पण त्यानंतर माझ्याकडे आली, की बसायच्या आधी बाकावरून एकदा हात फिरवायची.

मुलाचं नाव मी हेस्तियस ठेवलं, चुलीवरून. सिमोस आठवड्यानं डोंगरातून उतरला. दारावरची वाळलेली डहाळी पाहिली, गुबगुबीत पोर पाहिलं आणि हळूहळू त्याला जीव लावायला लागला. मी काय मागितलं आणि काय मिळालं ते त्याला सांगितलं नव्हतं. घरात वेगळं असं काही होतही नव्हतं. थंडीत अंथरुणाची एक बाजू कधी आपोआप गरम असायची, एवढंच. मी त्या बाजूवर पांघरूण ओढून द्यायचे.

पोर तीन वर्षांचं झालं तरी बोलेना. कुणी म्हणे मुका, कुणी म्हणे आळशी. एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी मसुराचं कढण वाढलं आणि उरलेलं निवू नये म्हणून मडक्यावर झाकण ठेवलं.

"झाकण नको," हेस्तियस म्हणाला.

माझ्या हातातला डाव निसटला. आनंदानं मी त्याला जवळ घ्यायला गेले. "काय म्हणालास राजा? परत म्हण! का रे नको झाकण?"

"ताई घाबरते." तो शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून बोलत होता, कुणाचं तरी ऐकून सांगावं तसा, अडखळत. "ताईवर होतं. घट्ट. ताई ओरडली... आवाज बाहेर गेलाच नाही."

आमच्या घरात ताई हा शब्द कुणी उच्चारलेला नव्हता. उच्चारणार कुणासाठी?

मी सिमोसकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडापाशी थांबला होता. त्याला काही विचारावं लागलं नाही. भरला रस्ता, दिवसभराची ये-जा, आणि कुणाला ऐकू गेलं नाही. झाकणाचं तो मला कधीच बोलला नव्हता. लग्नापासून मी त्याला अहो-जाहो करत आले होते.

"तू झाकलं होतंस," मी म्हटलं.

"ती फार रडत होती," तो म्हणाला. "गाव ऐकेल म्हणून..."

मी मडक्यावरचं झाकण उचललं, अंगणात गेले आणि हर्मीसच्या खांबाच्या पायाशी आपटून फोडलं. मग आत येऊन तेलाच्या बुधलीचं घेतलं, पिठाच्या रांजणाचं घेतलं, मधाच्या बरणीचं घेतलं, घरातलं एकूण एक झाकण बाहेर नेलं आणि फोडलं. सिमोस माझ्यामागून धडपडत बाहेर आला आणि भिंतीशी उकिडवा बसला, दोन्ही कानांवर हात दाबून.

प्रत्येक झाकण फुटलं की आत हेस्तियस खिदळून टाळ्या पिटत होता. घरात तो एकटाच होता. टाळ्या दोघांच्या वाजत होत्या.